काचेआड सुकलेली ‘सुहैली’

दक्षिणेकडच्या खवळलेल्या महासागराचे तडाखे खाऊन सुखरूप परतलेली एक शिडाची नौका संग्रहालयाच्या स्वच्छ, कोरड्या दालनात ठेवल्यावर मात्र मोडकळीस येऊ लागली, असे कोणी सांगितले तर पटकन खरे वाटणार नाही. पण हे घडले आहे. ती नौका साऱ्या जगात इंग्लंडची म्हणून ओळखली जाते. तिचा जन्म मात्र आपल्या मुंबईतला, कुलाब्याचा. नाव अरबी, ‘सुहैली’. या महिन्यात तिच्या मरम्मतीची हकीकत सांगायची आहे. जुनी वस्तू, जुने घर आणि हातातला जुना हुनर यांचे काय करायचे, हा प्रश्न आज आपल्यापैकी पुष्कळ घरांत आहे, आणि या नौकेने त्याचे बऱ्यापैकी सरळ उत्तर दिले आहे.

आधी नावाविषयी. सुहैल नावाचा एखादा मुलगा आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असतोच. सुहैल म्हणजे दक्षिण आकाशातला तेजस्वी तारा, मराठीत ज्याला आपण अगस्ती म्हणतो तोच. अरबस्तानात ऑगस्टच्या अखेरीस तो पहाटे दिसू लागला की उन्हाळ्याचा कडाका सरत आला असे मानतात. त्याच शब्दाशी नाते असलेला ‘सुहैली’ म्हणजे आखातातल्या अरब खलाशांनी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला दिलेले नाव. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर मुंबई ते आखात अशा फेऱ्या करत असे. तिथे ऐकलेले हे नाव त्याने आपल्या नौकेला दिले.

कुलाब्याचे सुतार

१९६३-६४ च्या सुमारास रॉबिनने सहकाऱ्यांच्या साथीने मुंबईत ही नौका बांधायला घेतली. आराखडा तेव्हाही जुनाच होता. विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकाराने १९२३ मध्ये केलेला, आणि तोही नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या वादळात माणसे वाचवणाऱ्या शिडाच्या नौकांवर बेतलेला. लांबी ३२ फूट, पोट रुंद, मागचा भागही पुढच्यासारखाच निमुळता, दोन डोलकाठ्या. वेगासाठी नव्हे, तग धरण्यासाठी केलेली रचना.

लाकूड अस्सल सागवान. बांधणारे हात मुंबईच्या सुतारांचे. त्यांची हत्यारे पाहून रॉबिनला नवल वाटले होते. लाकूड तासायला वाकस, भोके पाडायला कमानीने फिरवायचा सामता. विजेवर चालणारी यंत्रे जवळजवळ नाहीतच. फळी वाकवायची, फासळीवर बसवून पाहायची, उतरवायची, पुन्हा तासायची, पुन्हा बसवायची. घाई नाही. आपल्याकडच्या किनाऱ्यावर पडाव आणि मचवे असेच तयार होत आले.

१९६५ च्या अखेरीस सुहैलीने मुंबई सोडली आणि मस्कत, पूर्व आफ्रिका, केपटाऊन असे थांबत १९६७ मध्ये ती लंडनला पोहोचली. पुढे १९६८ मध्ये एक शर्यत जाहीर झाली. एकट्याने, कुठेही न थांबता, जगाला शिडाच्या नौकेने फेरी मारायची. तोवर हे कोणी केले नव्हते. रॉबिनला खरे म्हणजे नवी, मोठी, पोलादी नौका हवी होती. पैसे जमले नाहीत. मग जी होती तीच घेऊन तो १४ जून १९६८ रोजी फालमथ बंदरातून निघाला. वय २९.

समुद्रातली दुरुस्ती

महिना उलटतो न उलटतो तोच तळात पाणी साठू लागले. उपसावे तितके पुन्हा भरे. केप व्हर्द बेटांच्या दक्षिणेला त्याने पाण्यात बुडी मारून तळ पाहिला. डोलकाठीच्या आसपास, कण्याला लागून असलेल्या सर्वांत खालच्या फळीची फट दोन्ही बाजूंनी सुमारे ८ फूट उघडी पडली होती.

अशी फट कापूस ठासून बंद करतात. किनाऱ्यावर हे काम सोपे असते. खोल समुद्रात, श्वास रोखून, हलत्या नौकेखाली ते करायचे म्हणजे काय, याची कल्पना करा. भरलेला कापूस दुसऱ्या बुडीपर्यंत निघून येई. शेवटी त्याने कॅनव्हासच्या पट्टीला कापूस शिवला, ती पट्टी तांब्याच्या बारीक खिळ्यांनी फटीवर ठोकली, आणि वर तांब्याचा पातळ पत्रा मारला. गोरे अंग पाण्यात चमकून शार्क येऊ नयेत म्हणून काळसर कपडे घालून तो उतरत असे. तरीही एक शार्क आलाच. वर चढून, बंदुकीने त्याला मारून, मग उरलेले काम पुरे करावे लागले.

पुढे केप ऑफ गुड होपजवळच्या वादळात नौका आडवी झाली. वरची खोली पायापासून सरकली, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडले. प्रत्येक वेळी जे हाताशी होते त्यावर भागवले.

यातला एक प्रसंग मी दरवर्षी गणिताच्या तासाला सांगते. वीज तयार करणाऱ्या छोट्या इंजिनाच्या ठिणगीची फट नेमकी ठेवायची होती, इंचाच्या सुमारे १५ हजारांशाइतकी. मोजायची पट्टी जहाजावर नव्हती. रॉबिनने एक वही घेतली आणि पाने मोजली. २०० पाने मिळून एक इंच जाडी. म्हणजे एक पान इंचाचे पाच हजारांश. तीन पाने एकत्र धरली की पंधरा! त्या फटीत तीन पाने सरकतील इतके अंतर ठेवले आणि यंत्र चालू झाले. ‘सर्वांना भागाकार येतो, पण तो कधी वापरायचा हे किती जणांना येते?’ असे मी मुलांना विचारते तेव्हा वर्ग गप्प होतो.

शर्यतीत नऊ जण उतरले होते. काहींच्या नौका सुहैलीपेक्षा नव्या आणि वेगवान होत्या. कोणी परत फिरले, कोणाची नौका मोडली, एक तर घराच्या इतकी जवळ येऊन बुडाली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, गंजाचे ओघळ अंगावर घेऊन फालमथला पोहोचली ती एकटी सुहैली. सुमारे ३०,००० सागरी मैल, म्हणजे सरासरी ताशी चार मैल. भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडाच जास्त वेग. रॉबिन हा एकट्याने न थांबता जग फिरणारा पहिला माणूस ठरला. मिळालेले ५,००० पौंडांचे बक्षीस त्याने त्याच शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या बायका-मुलांना देऊन टाकले.

संग्रहालयात काय झाले?

पुढची पंचवीस-तीस वर्षे सुहैली पाण्यातच राहिली. ग्रीनलँडच्या बर्फापर्यंत जाऊन आली. १९९७ च्या सुमारास तिला लंडनजवळच्या ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मानाने ठेवण्यात आले. डोक्यावर काचेचे छप्पर, हवा नियंत्रित, ना पाऊस, ना लाटा. वाटले, आता ती शेकडो वर्षे टिकेल.

झाले उलटेच. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या.

याचे कारण आपल्या घरातल्या दारांना विचारा. पावसाळ्यात दार फुगते, चौकटीत अडकते. उन्हाळ्यात तेच सैल होऊन खडखडते. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. फुगणे-आकसणे लांबीत जवळजवळ होत नाही, रुंदीत होते. नौकेच्या फळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात, म्हणून प्रत्येक फळी रुंदीला थोडी जरी आकसली तरी तितक्याच फटी उघडतात. पाण्यात असताना फळ्या फुगून एकमेकींना घट्ट दाबून धरतात. म्हणजे ज्या पाण्यापासून नौकेला वाचवायचे असे आपल्याला वाटते, तेच पाणी तिला एकसंध ठेवत असते.

आपल्या कोकणातल्या कोळी आणि दालदी वस्त्यांत हे सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात, पण त्या नुसत्या टाकून देत नाहीत. वर नारळाच्या झापांचा आडोसा करतात. पुन्हा पाण्यात लोटण्याआधी फटी तपासतात, कापूस भरतात, तेल लावतात. कोरडी पडलेली लाकडी होडी पाण्यात घातली की पहिले काही तास गळते, मग फळ्या फुगल्या की गळती कमी होते. हे ज्याला माहीत नाही तो घाबरून जातो.

सुहैली अशीच राहिली तर संपेल, हे तिच्या मालकाच्या लक्षात आले. २००२ मध्ये त्याने तिला संग्रहालयातून बाहेर काढले.

फळ्या चांगल्या, खिळे गेलेले

पुढे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉस्पोर्ट येथे तिची मोठी दुरुस्ती झाली. तोवर रॉबिन ‘सर’ झाले होते आणि त्यांनी सत्तरी ओलांडली होती. तरी त्यातले पुष्कळसे काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केले.

उघडून पाहिल्यावर कळले ते असे. मुंबईचे सागवान अजून उत्तम होते. दुखणे होते ते फळ्यांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी खिळ्यांत आणि बोल्टांत. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे त्यातले लोखंड इतर काही लाकडांच्या मानाने जास्त टिकते. पण चाळीस-पन्नास वर्षे खारे पाणी आत मुरत राहिले तर तेही किती टिकणार? शिवाय गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आतला खिळा बारीक होत जातो आणि त्याभोवतीचा गंज फुगून चांगल्या लाकडालाही तडे पाडतो. वरून रंग चकचकीत, आत पकड गेलेली.

म्हणून लोखंड काढून त्याच्या जागी सिलिकॉन ब्राँझ घातले. हा मिश्रधातू बहुतांशी तांब्याचा असतो, त्यात सुमारे ३ टक्के सिलिकॉन. खाऱ्या पाण्यात तो लोखंडासारखा गंजत नाही. खरी सुधारणा ही. नौकेचा आकार तोच, लाकूड तेच. बदलला तो फक्त कमजोर दुवा.

जुन्या लाकडी नौकेच्या कामाचा एक क्रम जाणते कारागीर पाळतात. तो आपल्यालाही उपयोगी आहे, म्हणून थोडा तपशीलाने देते.

पहिली गोष्ट, रंगाचा डबा उघडायचा नाही. आधी हातोडीने फळ्या हलकेच ठोकून ऐकायचे. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. शंका आली तिथे टोकदार हत्यार टोचून पाहायचे. सहज आत गेले तर तो भाग गेला.

दुसरी, नौकेला खालून आणि बाजूंनी नीट टेकू द्यायचे आणि खिळे एकेक करून बदलायचे. सगळे एकदम उपसले तर नौका आपला आकार विसरते. मग कितीही महागडे साहित्य आणले तरी फळ्या पुन्हा जुळत नाहीत.

तिसरी, पाण्याखालचा भाग आधी, मग वरचा तक्ता. अनेकांना वाटते की समुद्राचे पाणी लाकूड कुजवते. प्रत्यक्षात लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला गोडे पाणी मानवते. वरच्या फटीतून झिरपणारा पाऊस आणि बंद कोपऱ्यात कोंडलेली दमट हवा हे लाकडाचे मोठे वैरी. म्हणून आत वारा खेळता ठेवणे हीसुद्धा दुरुस्तीच आहे.

चौथी, त्यानंतर डोलकाठ्या, दोर, शिडे. मग इंजिन आणि विजेच्या तारा. गाद्या, पडदे आणि रंगरंगोटी अगदी शेवटी.

ज्यांचे पैसे आणि उत्साह दोन्ही अर्ध्यावर संपतात त्यांचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी रंग, मग गाद्या, आणि तळ राहून जातो.

२०१६ मध्ये सुहैली पुन्हा पाण्यात उतरली. १४ जून २०१८ रोजी, निघाल्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ती फालमथच्या पाण्यात शिडे उभारून होती आणि सुकाणूवर तेच रॉबिन होते, वय ७९.

आपल्या घराशी काय संबंध?

आता कोणी म्हणेल, इंग्रज साहेबाची नौका, त्याचा छंद, आपल्याला त्याचे काय? आपल्याकडे कोणाच्या दारात नौका आहे?

नौका नसेल, पण आजोबांनी बांधलेले घर आहे. शिवणयंत्र आहे. कपाट आहे. पाटा-वरवंटा आहे. या वस्तूंशी आपण बहुतेक दोनपैकी एक व्यवहार करतो. एक, ‘जुने झाले’ म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकतो. दोन, ‘आठवण आहे’ म्हणून कोपऱ्यात झाकून ठेवतो आणि हात लावू देत नाही. दोन्हींत वस्तू संपते. वर्षानुवर्षे न चालवलेल्या शिवणयंत्राचे तेल घट्ट होते आणि ते अडकते. कुलूप लावून ठेवलेल्या गावच्या घरात ओल, बुरशी आणि वाळवी शिरते. त्याच घरात कोणी राहत असते, चूल पेटत असते, खिडक्या उघडत असतात तेव्हा ते टिकते. एखादी कौले फुटली की त्याच दिवशी लक्षात येते.

तिसरा मार्ग सुहैलीचा. वापरत राहा, उघडून पाहा, गेलेला भाग बदला, चांगल्याला हात लावू नका. यात खर्च आहे, मेहनत आहे, आणि मुख्य म्हणजे खरी स्थिती डोळे उघडे ठेवून पाहण्याची तयारी लागते. ओल आलेल्या भिंतीवर चुना मारून पाहुण्यांसमोर वेळ निभावते, भिंत निभावत नाही.

नात्यांनाही हे लागू पडते, असे आमच्या शिक्षक-खोलीत एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या होत्या. वरून सलाम-दुवा चालू, आत खिळे गंजलेले. तेही एकेक करूनच बदलावे लागतात.

हात कोणाचे होते?

मला या हकीकतीत सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. नौकेचे नाव जगाला ठाऊक आहे, नाविकाचे नाव ठाऊक आहे. ज्यांनी वाकस चालवून ती फळी अशी बसवली की अर्ध्या शतकानंतरही ती बदलावी लागली नाही, त्या कुलाब्याच्या सुतारांची नावे कितीशा लोकांना सांगता येतील?

ही मुंबईची जुनी परंपरा आहे. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानाची ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका बांधली गेली. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे तिची कसून दुरुस्ती झाली आणि ती आजही तिथे पाण्यावर तरंगते आहे. २०० वर्षे उलटून गेली!

आणि ही परंपरा साफ संपली आहे असेही नाही. २०१८ मध्ये सुहैलीच्या स्मरणार्थ पुन्हा तशीच शर्यत झाली तेव्हा नौदलाचे अभिलाष टॉमी ज्या ‘थुरिया’वर निघाले, ती सुहैलीच्याच आराखड्यावर गोव्यातल्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली होती. हिंदी महासागरातल्या भीषण वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, अभिलाष यांच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि त्यांना वाचवून आणावे लागले. चांगला हुनर समुद्रावर हुकूम चालवत नाही. तो फक्त माणसाला तग धरायला वेळ मिळवून देतो.

आपल्या रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या किती घरांत दादा-परदादा विलायती कंपन्यांच्या बोटींवर खलाशी होते, तांडेल होते, कोणी होड्या बांधत होते! आज त्या घरांतली मुले शिकली, आखातात गेली, चांगल्या नोकऱ्या करतात. त्यात आनंदच आहे. पण माझ्या वर्गात मी विचारते, ‘आजोबा काय करायचे?’ तेव्हा काही मुले मान खाली घालून पुटपुटतात, ‘बोटीवर होते.’ जणू कमीपणाचे काही सांगत आहेत. लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली, ते काळानुसार होणारच. पण फळी कशी वाकवायची, फट कशी भरायची, वारा कसा ओळखायचा हे ज्यांना माहीत होते त्यांतले बरेच जण आता आपल्या ओटीवर खुर्ची टाकून बसलेले आहेत, आणि त्यांना विचारायला कोणी येत नाही. मानाने बसवले, औषधपाणी वेळेवर दिले, पण कामाचे काही विचारलेच नाही, तर माणूसही काचेआडच्या नौकेसारखा आकसतो.

म्हणून या महिन्यासाठी मुलांना दोन कामे. एक, घरातल्या कोणत्याही वहीची पाने मोजून आणि पट्टीने जाडी मोजून एका पानाची जाडी काढा. दोन, घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वयस्क माणसाला त्यांच्या कामातले दहा शब्द विचारा, मग ते सुताराचे असोत, शिंप्याचे, विणकराचे की खलाशाचे, आणि अर्थासह लिहून काढा. त्यांच्या हत्यारांपैकी एखादे पेटीत पडून असेल तर गंज घासून, तेल लावून त्यांच्याच हातात द्या आणि ते कसे चालवायचे ते दाखवायला सांगा. आई-वडिलांनी त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून शेजारी बसले तर फारच उत्तम.